शेजारच्या सीटखालचा ब्रेक

आमच्या भाऊजींना गावात सगळे 'सर' म्हणतात. शाळेत शिकवतात म्हणून नाही, त्यांचं ड्रायव्हिंग स्कूल आहे म्हणून. स्कूल म्हणजे एक खोली, एक बाक, भिंतीवर वाहतुकीच्या चिन्हांचा तक्ता आणि बाहेर एक पांढरी गाडी, टपावर 'शिकाऊ' अशी पाटी लावलेली. गावातल्या निम्म्या लोकांना गाडी आपण शिकवली असं ते स्वतः सांगतात. उरलेले निम्मे रस्त्यावर अजून जिवंत आहेत तेही आपल्यामुळेच, असंही तेच सांगतात. मी त्यांची मेव्हणी, त्यांच्या बायकोची धाकटी बहीण. वीज कचेरीत तक्रारीच्या खिडकीवर बसते. दिवसभर माणसं येऊन मला ऐकवत असतात, त्यामुळे भाऊजींचं ऐकून घेणं मला जड जात नाही. पटतं असं मात्र कुणी समजू नये.

शिकवायच्या गाडीला दोन ब्रेक असतात. एक चालवणाऱ्याच्या पायाशी आणि दुसरा शेजारी बसलेल्या मास्तरच्या पायाशी. शिकणाऱ्याची चूक झाली तर मास्तरने दाबायचा, एवढंच त्याचं काम. भाऊजींनी त्या दुसऱ्या ब्रेकवर सगळा जन्म काढला, आणि आता त्यांचा उजवा पाय त्यांच्या ताब्यात राहिलेला नाही. टीव्हीवर गाडी पळाली की ते सोफ्यावरून ब्रेक दाबतात. न्हाव्याच्या खुर्चीत दाबतात, लिफ्टमध्ये दाबतात. ताई स्वयंपाकघरात उकळत्या दुधाचं पातेलं घेऊन जरा घाईने वळली, की बाहेरच्या खोलीत फरशीवर ठप्प असा आवाज येतो. ताईला त्याची इतकी सवय झालीय की ती आता दचकतही नाही.

या माणसाने पोस्टातल्या बाईंना गाडी शिकवली, डॉक्टरीणबाईंना शिकवली, शेजारच्या आजींना साठी उलटल्यावर शिकवली. फक्त स्वतःच्या बायकोला नाही शिकवली. लग्न नवीन असताना एकदा ताईला स्टिअरिंगवर बसवलं होतं म्हणे. तिने किल्ली फिरवली मात्र, यांनी ब्रेक दाबला. गाडी अजून जागची हललीसुद्धा नव्हती! ताई म्हणाली, "अहो, चालू तर करू द्या." हे म्हणाले, "घरच्या माणसाला शिकवता येत नाही, डोकं फिरतं." तेव्हापासून तो विषय बंद आणि ताई कायमची मागच्या सीटवर.

तर गेल्या वर्षी भाऊजींची पाठ बोलायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, गचके बंद करा, नाहीतर पलंग धराल. म्हणजे स्कूल कुणाच्या तरी हाती द्यायला हवं. घरात उमेदवार दोन. एक त्यांची मुलगी चिमी, माझी भाची. स्कूलचे फोन ती घेते, चिन्हं ती शिकवते, आणि सरांची पाठ धरली की शिकणाऱ्यांना घेऊन बाहेर पडते तीच. दुसरा त्यांचा पुतण्या. त्याला मी हँडब्रेक म्हणते, कारण हा बहाद्दर एकदा हँडब्रेक ओढलेलाच ठेवून बाजारापर्यंत गेला, आणि जळका वास आला तेव्हा म्हणाला, "कुणीतरी कचरा पेटवलाय वाटतं."

आणि भाऊजींचा कल कुणाकडे? हँडब्रेककडे! "पोरीकडून गाडी शिकायला कोण येणार? आणि उद्या लग्न करून गेली म्हणजे?" जशी काही ती जाताना स्कूल पिशवीत घालून नेणार होती. माझं डोकं असं तापलं की मी चहा अर्धा टाकून उठले. चिमी मात्र भांडली नाही. ही पोर भांडत नाही, हाच तिचा मोठा दोष, असं मला तेव्हा वाटायचं. ती म्हणाली, "बाबा, माझी परीक्षा घ्या. नापास झाले तर स्कूलचं नाव काढणार नाही. कारखान्यात नोकरी बघते."

परीक्षा हा शब्द ऐकला की भाऊजींच्या अंगात येतं. त्यांनी जागच्या जागी ताठ बसून अटी घातल्या. लांबचा रस्ता, जाऊन-येऊन. ते शेजारी बसणार. सगळ्या रस्त्यात त्यांना एकदाही ब्रेक दाबावा लागला नाही, तर स्कूल चिमीचं. लागला, तर सोमवारी किल्ली पुतण्याच्या हातात.

"आणि दाबावा लागला की उगाच दाबला, हे कोण ठरवणार?" मी विचारलं.

"मी."

"वा! ब्रेक तुमचा, पाय तुमचा आणि निकालही तुमचाच? मग पोरीला कशाला तंगवता? आत्ताच नापास करून टाका."

बरीच वादावादी झाली. शेवटी पंच म्हणून मला मागच्या सीटवर बसवायचं ठरलं. पाय बघायचं काम माझं. माणसाला आयुष्यात काय काय बघावं लागतं!

रस्ता निवडला ज्वालामुखीच्या गुहांचा. आमचं गाव समुद्राकाठचं. तिथून आत, रानाच्या पोटात, या गुहा आहेत. ताई वर्षानुवर्षं म्हणत होती, एकदा बघून येऊ. भाऊजींचं उत्तर ठरलेलं, "दगडाला भोक पडलंय, त्यात काय बघायचं?" आता मात्र त्यांना त्या भोकाचा एकदम पुळका आला, कारण वाटेत हमरस्ता, चढ-उतार, खडी, रान असं सगळं एकात एक लागतं.  ताईने डबे भरले, पाणी घेतलं आणि आपल्या जागेवर, मागे, माझ्या शेजारी येऊन बसली.

सकाळी निघालो. चिमीने सीट सरकवली, आरसे लावले, पट्टा बांधला. गाडी फाटकाबाहेर पडतेय न पडतेय तोच यांनी ब्रेक दाबला. समोर काय होतं? एक कोंबडी. तीही पलीकडच्या फुटपाथवर, पाठमोरी.

"नामंजूर!" मी मागून ओरडले.

"ती वळली असती तर?"

"ती वळली असती तर तिने आधी तुमची परवानगी घेतली असती, भाऊजी. नामंजूर."

मग तेच सुरू झालं. लांबवर ट्रक दिसला, दाबला. झाडाची सावली रस्त्यावर पडली होती, दाबला. एका ठिकाणी तर 'पुढे गतिरोधक आहे' या पाटीलाच दाबला, गतिरोधक राहिला बाजूलाच. दर वेळी आमची डोकी पुढे जायची आणि मागे यायची. टपावर 'शिकाऊ' पाटी, आणि खाली गचके खाणारी गाडी. मागून येणारे हॉर्न वाजवत पुढे जायचे आणि जाता जाता आत डोकावून बघायचे, की शिकतंय तरी कोण. चिमीच्या कपाळावर घाम आला होता, पण तिचा हात हलला नाही. "बाबा, पाय जरा मागे घ्या," एवढंच ती म्हणायची. भाऊजी पाय मागे घ्यायचे आणि पुढच्या वळणाला तो पाय आपला आपण पुढे जायचा.

मग रान लागलं. रान म्हणजे हिरवंगार वगैरे काही मनात आणू नका. खुरटी झाडं, कमरेइतकं वाळलेलं गवत, तांबडी माती आणि माणसाएवढी वारुळं. डांबर संपून खडी सुरू झाली. आता गाडी जरा सरकायला लागली, आणि मला वाटलं की इथे हे पोरीला बुडवणार. पण चिमीने वेग असा उतरवला की खडीचा आवाजसुद्धा खालच्या पट्टीत गेला. भाऊजींना दाबायला निमित्तच मिळेना. त्यांचा चेहरा असा पडला आणि मला इतका आनंद झाला म्हणून सांगू!

गुहांपाशी उतरलो तर म्हणतात कसे, "चालवतेस बरी. पण त्यात काय आहे? गाडी कुणीही चालवतं. स्कूल म्हणजे शिकवणं. नवशिक्या माणसाच्या हातात स्वतःचा जीव देऊन शेजारी बसायला छाती लागते. ती तुझ्यात आहे का, ते मला कुठे दिसलं?"

"अहो, अट ब्रेकची होती!" मी म्हटलं.

"पंचांनी फक्त पाय बघायचा."

 चिमीने फक्त ताईकडे पाहिलं. ताई पाण्याच्या बाटलीचं झाकण लावत होती, ती लावतच राहिली.

गुहा दाखवायला एक तरुण बाई होती. तिने आम्हाला डोक्यावर बांधायचे दिवे दिले आणि समजावून सांगितलं. फार पूर्वी इथून लाव्हाची नदी वाहिली. वरचा थर गार होऊन दगड झाला, आत तापलेला लाव्हा वाहत राहिला, आणि तो निघून गेल्यावर ही लांबलचक पोकळी उरली.

"म्हणजे एकेरी वाहतूक," भाऊजी म्हणाले आणि सगळ्यांकडे बघून हसले. कुणी हसलं नाही. मग त्यांनी तिला सांगितलं की आत शिरताना वळणाची पाटी लावायला हवी.

आत गेलो आणि माझं तोंड मात्र खरंच बंद झालं. एवढी मोठी जागा जमिनीखाली असेल असं वाटलंच नव्हतं. भिंती घोटून काढल्यासारख्या गुळगुळीत. एका ठिकाणी छत कोसळलं होतं, तिथून ऊन खाली आलं होतं, आणि त्या उन्हात खड्ड्याच्या तळाशी झाडं वाढली होती, वरच्या रानापेक्षा दुपटीने हिरवी. ताई तिथे मान वर करून उभी राहिली. "किती वर्षं म्हणत होते मी," ती म्हणाली, कुणालाच उद्देशून नाही. मला भाऊजींचा असा राग आला की त्यांना तिथेच सोडून यावंसं वाटलं.

पुढे अंधार. गुहेतल्या बाईने सगळ्यांना दिवे बंद करायला लावले. "खरा काळोख कसा असतो बघा," ती म्हणाली. डोळे उघडे की मिटलेले तेही कळेना. पायाखाली जमीन उतरती होती. मागून ताईचा धक्का भाऊजींना लागला असावा, अगदी हलका. त्यांना वाटलं, निघालो! आणि त्या मिट्ट काळोखात त्यांनी सगळा जोर लावून ब्रेक दाबला.

तिथे ब्रेक नव्हता. धोंडा होता.

दिवे लावले तेव्हा सर खाली बसले होते आणि घोटा बघता बघता टम्म फुगत होता. "कुणीतरी पुढे सरकत होतं, मी थांबवलं," ते म्हणाले. मी हसले. वाईट वाटतं सांगताना, पण पोट धरून हसले आणि माझं हसणं त्या पोकळीत लांबपर्यंत घुमत गेलं. चिमीने आणि त्या बाईने दोन्हीकडून धरून त्यांना बाहेर आणलं. बाईने पट्टी बांधली, दुखण्याची गोळी पुढे केली. भाऊजींनी ती परत केली. "गोळीने गुंगी येते. मला परत जाताना जागं राहायचंय. परीक्षा अर्धी बाकी आहे."

पण पाय वर ठेवायला हवा होता, म्हणजे पुढे बसणं शक्य नव्हतं. सर मागच्या सीटवर आले. "आई, तू पुढे बस," चिमी म्हणाली. आणि भाऊजींचा तो सुजलेला पाय माझ्या मांडीवर, माझ्याच पिशवीवर ठेवण्यात आला. पंच म्हणून आले होते, पाट म्हणून परत निघाले.

"पुढे मी नाही, तेव्हा परीक्षा रद्द," त्यांनी बसल्या बसल्या जाहीर केलं. "मी इथून लक्ष ठेवणार आहे, पण ते मोजायचं नाही. सोमवारी पुतण्याला बोलावतो."

"बरं, बाबा," चिमी म्हणाली आणि तिने गाडी सुरू केली. मला त्या पोरीच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. बरं बाबा काय! सगळं हातचं चाललंय आणि बरं बाबा!

थोडा वेळ भाऊजी मागून सूचना देत होते. डावीकडे घे, खड्डा आहे, गिअर बदल. मग सूचना विरळ झाल्या. मग बंदच झाल्या. मी वळून बघते तर काय, सर झोपले होते! मान मागे, तोंड उघडं, घोरणं चालू. मी एवढ्या वर्षांत या माणसाला चालत्या गाडीत झोपलेलं पाहिलं नव्हतं. हे बसमध्ये झोपत नाहीत, रुग्णवाहिकेतून नेलं होतं तेव्हा आडवे पडून ड्रायव्हरला रस्ता सांगत होते. पोटात गोळी नाही, काही नाही. हे नुसते चिमीच्या हाताच्या भरवशावर झोपले होते.

"चिमे," मी कुजबुजले, "बघ तर."

तिने आरशात पाहिलं. थोडं पुढे जाऊन एका झाडाखाली गाडी अलगद उभी केली. इंजिन चालूच ठेवलं. मग ती उतरली, ताई उतरली, आणि दोघींनी जागा बदलल्या.

माझा माझ्या डोळ्यांवर विश्वास बसेना. ताईने सीट पुढे ओढली, आरसा आपल्या उंचीला लावला, पट्टा बांधला. एकदा मागे आपल्या नवऱ्याकडे पाहिलं आणि गिअर टाकला. गाडी निघाली, गचका नाही, आवाज नाही. माझी सख्खी बहीण गाडी चालवते, आणि मला पत्ता नाही! मी तिला माझ्या दाताचं दुखणंसुद्धा फोन करून सांगते!

"कधीपासून?" मी ओठ हलवून विचारलं.

"नंतर," चिमीने खुणेनेच सांगितलं. आणि मग तिने जे केलं ते मी पंच म्हणून स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आहे. ती मास्तरच्या सीटवर बसली होती, पायाशी तो ब्रेक होता, आणि तिने दोन्ही पाय वर घेऊन सीटवर चक्क मांडी घातली. रान, खडी, पुढे वळणं, स्टिअरिंगवर नवशिकी आई, मागे झोपलेला बाप, आणि ही मांडी घालून खिडकीबाहेर बघतेय! छाती लागते म्हणे.

वळणावर गवतातून एक रानडुक्कर आलं. मागे पिल्लं. माझ्या तोंडून किंकाळी निघणार होती, ती मी पिशवीत कोंबली. ताईने वेग उतरवला, गाडी थांबवली. डुकरीण उभी राहून आमच्याकडे बघत राहिली. पिल्लं ओळीने पलीकडे गेली, मग ती गेली. चिमीची मांडी सुटली नाही. ती हळूच म्हणाली, "आता पहिला गिअर, आई. घाई नाही." माझ्या मांडीवरचा पाय जरासा हलला, भाऊजी झोपेतच "सावकाश" म्हणाले आणि पुन्हा घोरायला लागले.

हमरस्ता आला, ट्रक आले, गावचा चौक आला, सिग्नल आला. ताई चालवत राहिली. मी तिच्या मानेकडे बघत होते. कायम मागच्या सीटवर माझ्या शेजारी बसणाऱ्या बाईची मान मी अशी मागून कधी पाहिली नव्हती. मला रडू यायला लागलं आणि त्याचाही राग आला.

ताईच्या घरी फाटकातून गाडी उलटी आत घ्यावी लागते. एका बाजूला भिंत, दुसऱ्या बाजूला पाण्याची टाकी, मध्ये जेमतेम गाडीपुरती जागा. हँडब्रेकने टाकीला दोनदा पोचे पाडलेत. ताईने गाडी उलटी घ्यायला सुरुवात केली, आणि गिअरच्या आवाजाने भाऊजी जागे झाले. डोळे मिटलेलेच. पण गाडी उलटी जातेय हे त्यांना बरोबर कळलं.

"आरसा बघ," ते म्हणाले. "हळू. आता वळव. सरळ कर. येऊ दे, येऊ दे. बास."

गाडी थांबली. त्यांनी लांब श्वास सोडला.

"मान्य, चिमे. मला वाटलं त्यापेक्षा बरी आहेस. भिंत वाचली, टाकी वाचली, सगळ्या रस्त्यात एक गचका नाही. मी झोपलो नव्हतो हं, डोळे मिटून लक्ष ठेवून होतो. पास. अगदी माझा हात आहे."

"कुणाचा हात, भाऊजी? जरा डोळे उघडून सांगा," मी म्हटलं.

त्यांनी डोळे उघडले. पुढे ताई पट्टा सोडत होती. चिमी शेजारच्या सीटवर पाय खाली सोडून चोळत बसली होती, मुंग्या आल्या होत्या.

"ही तिथे काय करतेय?"

"उतरतेय," ताई म्हणाली.

 सरांना सुचलं ते एकच. "लायसन्स आहे का?"

"आहे."

"कुठल्या स्कूलमधून?"

"तुमच्याच. दुपारी जेवून तुम्ही आडवे व्हायचात तेव्हा. चिमीने शिकवली."

भाऊजी कुणाकडेच बघेनात. मला वाटलं, आता भडका उडणार. मी तयारीच केली होती, चांगली चार वाक्यं जिभेवर आणून ठेवली होती. पण ते खालच्या आवाजात म्हणाले, "मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तुम्ही शेजारी येऊन बसला असता," ताई म्हणाली. तिने ते रागाने म्हटलं नाही. भाजीत मीठ जास्त झालंय, हे सांगावं तसं सांगितलं, आणि डबे घेऊन आत गेली.

माझी चारही वाक्यं वाया गेली. भाऊजी मागच्या सीटवर, पाय अजून माझ्या मांडीवर. मग त्यांनी खिशात हात घातला आणि स्कूलच्या खोलीची किल्ली काढली. चिमी खाली उतरून त्यांच्या दाराशी उभी होती. त्यांनी किल्ली तिच्यापुढे धरली.

द्यायलाच धरली होती, हे मी पंच म्हणून सांगते. पण त्यांची बोटं काही सुटेनात. चिमी तळहात पुढे करून वाट बघत राहिली, कारण ही पोर ओढून घेणाऱ्यातली नाही. ते तिच्याकडे बघत होते, तीही त्यांच्याकडे बघत होती, आणि किल्ली मध्ये तशीच. शेवटी मीच हात घातला आणि ती किल्ली त्यांच्या बोटांतून ओढून काढून पोरीच्या हातावर ठेवली. चांगला जोर लावावा लागला.